आपल्या हातांनी सजवलेली भिंत

(घर लहान असो की मोठे, त्याच्या भिंती नीटनेटक्या असाव्यात असे प्रत्येकाला वाटते. त्यासाठी फार पैसा लागतो, असा आपला समज असतो. प्रस्तुत पाठात लेखकाने रोह्याजवळच्या वरसे गावातील आपल्या घराची हकिकत सांगितली आहे. भिंत आधी बरी कशी करावी आणि मग ती थोड्या खर्चात आपल्या हातांनी कशी सजवावी, हे या पाठात सोप्या भाषेत समजावून दिले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, हा पाठ वाचण्याआधी एक काम करा. पुस्तकातून नजर काढून वर्गाच्या भिंतींकडे एकदा नीट पाहा. त्यांचा रंग कोणता आहे? खालच्या भागात हातांचे डाग पडले आहेत का? कोपऱ्यात ओल दिसते का? आज घरी गेल्यावर आपल्या खोलीच्या भिंतींकडेही असेच पाहा. आपण जन्मभर चार भिंतींच्या आत राहतो. पण भिंतीकडे आपले लक्ष जाते ते तिचे पोपडे गळू लागल्यावरच.

माझे बालपण वरसे गावात गेले. रोहा शहराला लागूनच हे गाव आहे. रोह्यातून कुंडलिका नदी वाहते आणि जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. आपला रायगड जिल्हा म्हणजे मुसळधार पावसाचा प्रदेश. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे हे सारे पाणी जागच्या जागी साठून राहिले, तर त्यात उंच माणूससुद्धा बुडेल. असा पाऊस झेलणाऱ्या भिंतीला नुसता रंग देऊन भागत नाही. हे मला कसे कळले, त्याची गोष्ट आधी सांगतो.

ही २००२ सालची गोष्ट. मी नुकतीच सातवीची परीक्षा दिली होती. मे महिन्यात माझ्या आपाचे लग्न ठरले होते. आमचे घर जुने, कौलारू. भिंती विटांच्या आणि चुन्याच्या. पश्चिमेकडची खोली पाहुण्यांसाठी ठेवायची, असे ठरले. अब्बा धाटावच्या एका कारखान्यात कामाला होते. त्यांनी दोन महिने जादा पाळी केली आणि त्या पैशांतून फिकट हिरव्या ऑइलपेंटचे डबे आणले. मी आणि अब्बांनी मिळून चार दिवसांत खोली रंगवली. भिंती आरशासारख्या चमकू लागल्या. लग्नात जो तो खोलीचे कौतुक करत होता. अब्बांच्या चेहऱ्यावरचे समाधान मला आजही आठवते.

जुलै उजाडला. पावसाची झड लागली. एके दिवशी पश्चिमेच्या भिंतीवर मला एक फोड दिसला. बोटाने दाबला तर आतून पाणी आले. पंधरा दिवसांत साऱ्या भिंतीवर फोड उठले. मग रंगाचे मोठमोठे पोपडे सुटून खाली पडू लागले. त्यांच्याबरोबर गिलावाही सुटला. आपा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा त्या खोलीत गाद्या घालण्यासारखी जागा राहिली नव्हती. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी पोपडे सुपात भरले आणि बाहेर टाकून दिले.

आमच्या शेजारी एक म्हातारे गवंडी राहत. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांनी येऊन भिंतीवर बोटाने टिचक्या मारल्या. कुठे ठणठणीत आवाज आला, तर कुठे पोकळ. मग ते अब्बांना म्हणाले, “भाई, भिंतीला घाम आला होता. तिला वारा हवा होता आणि तुम्ही तिला रेनकोट घातला!”

मला हसू आले. पण चाचांनी एका वाक्यात सारे सांगितले होते. विटा आणि चुना यांत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. भिंतीत शिरलेले पाणी या छिद्रांतून हळूहळू बाहेर पडते आणि वाऱ्याने सुकते. ऑइलपेंटच्या थरातून मात्र पाण्याची वाफ सहज बाहेर पडत नाही. ती आत कोंडते आणि शेवटी रंगालाच ढकलून बाहेर येते. दोष रंगाचा नव्हता. लोखंडी गजांना आणि लाकडी दारांना तोच रंग उत्तम. आम्ही तो आजारी भिंतीला दिला, ही चूक आमची होती.

मग चाचांनी मला घराभोवती फिरवले. “पाणी कुठून येतं ते आधी शोध,” ते म्हणाले. आम्हांला पाण्याच्या चार वाटा सापडल्या. एक, भिंतीवरचे कौल फुटले होते. दोन, बाहेरच्या गिलाव्याला उभी चीर गेली होती. तीन, पागोळ्यांचे पाणी जोत्याजवळ पडून त्याचे शिंतोडे भिंतीवर उडत होते. चार, बाहेरून भिंतीला टेकून मातीचा ढीग पडला होता. त्या ढिगातली ओल विटांतून वर चढत होती. कंदिलाच्या वातीतून रॉकेल जसे आपोआप वर चढते, तसेच ओल्या मातीतले पाणी विटांच्या छिद्रांतून वर चढते.

तुमच्या घराची भिंत ओली आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. एक फूट लांब आणि एक फूट रुंद असा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा घ्या. चारही कडांना चिकटपट्टी लावून तो भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूला जमले, तर ती हवेतली ओल आहे; खोलीत वारा खेळता ठेवायला हवा. आत थेंब दिसत असतील, तर रंगाचा विचार तूर्त सोडून द्या. आधी पाण्याची वाट बंद करा.

आम्ही तेच केले. पावसाची उघडीप पाहून अब्बांनी कौले बदलली. पागोळ्यांखाली पन्हळ लावली. मी मातीचा ढीग उपसला. पाऊस सरल्यावर चाचांनी बाहेरची चीर आणि आतला पडलेला गिलावा चुना व वाळू कालवून भरून काढला. मग आम्ही थांबलो. या कामात सर्वांत अवघड गोष्ट कोणती असेल, तर ती थांबणे! ऑक्टोबरच्या कडक उन्हात भिंत आतपर्यंत सुकली. तिच्यावर पांढरी भुकटी फुलून आली. तिला लोणा म्हणतात. भिंतीतले पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात, तोच हा लोणा. तो पाण्याने धुऊ नये. कारण तो पुन्हा विरघळून भिंतीत शिरतो. कोरड्या कुंच्याने झाडून तो बाहेर टाकावा.

येथे सावधगिरीची एक सूचना देतो. जुना रंग खरवडताना त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका. पूर्वीच्या अनेक ऑइलपेंटमध्ये शिसे असे. शिशाची धूळ पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये; पाणी शिंपडून, भिजवून काढावा आणि त्या वेळी लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नये. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. नवा रंग घेताना डब्यावर तशी नोंद आहे का, ते वाचून पाहा.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी आणि रमजान लागूनच आले होते. रमजान सुरू होण्याआधी आठ दिवस आपा माहेरी आली. उघडी भिंत पाहून ती अब्बांना म्हणाली, “अब्बा, आता रंगाचे डबे आणू नका. या वेळी आम्ही दोघं करतो.” चाचांनी सांगितले, “जुन्या भिंतीला चुन्याची सफेदी द्या. तिला श्वास घेता येईल.”

चुना ही साधी वाटणारी वस्तू मोठी नवलाची आहे. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की चुनकळी तयार होते. चुनकळीवर पाणी टाकले की ती सूं सूं आवाज करत तापते आणि फुटून तिचे पीठ होते. हा झाला विरलेला चुना. तो पाण्यात कालवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेऊन तो पुन्हा चुनखडीसारखा कठीण बनतो. म्हणजे सफेदी करणारा माणूस भिंतीवर दगडाचाच एक पातळ थर चढवत असतो! या थरातून वाफ बाहेर पडू शकते आणि ताज्या चुन्यावर बुरशीही सहजासहजी वाढत नाही.

चुना विरवण्याचे काम मात्र मुलांनी कधीही करू नये. त्या वेळी पाणी उकळते आणि अंगावर उडते. विरलेलाच चुना आणावा. तो रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा आणि दुधासारखा पातळ करावा. त्यात थोडा डिंक घालावा, म्हणजे हात फिरवला तर पांढरे लागत नाही. चिमूटभर नीळ घातली की पिवळसरपणा जातो. डोळ्यांवर चश्मा असावा. चुना डोळ्यांत गेलाच, तर डोळा न चोळता पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

भिंतीवर थोडे पाणी शिंपडून आम्ही पहिला हात आडवा दिला, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. हात पातळ असावेत. जाड थर वाळल्यावर तडकतो. ओला चुना मळकट दिसतो. पहिला हात दिल्यावर मी निराश झालो होतो. पण वाळत गेला तसा तो पांढराशुभ्र होत गेला. लक्षात ठेवा, ऑइलपेंटवर किंवा प्लॅस्टिक पेंटवर चुना धरत नाही. तुमच्या भिंती सिमेंटच्या असतील आणि त्यांना आधीच असा रंग असेल, तर त्या स्वच्छ पुसून पाण्यात मिसळणारा साधा रंग वापरा. पण ‘आधी ओल, मग रंग’ हा नियम तेथेही बदलत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील जुन्या कारागिरांना हे सारे ठाऊक होते. अजिंठ्याची लेणी तुम्ही चित्रांत पाहिली असतील. तेथील चित्रे थेट दगडावर काढलेली नाहीत. कारागिरांनी आधी मातीत वाळू, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून त्याचा गिलावा केला. तो घोटून घोटून गुळगुळीत केला. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग कुंचला हाती घेतला. लाल रंगासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी काजळी असे जवळपास मिळणारे पदार्थ त्यांनी वापरले. निळा रंग तेवढा अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द नावाच्या दगडाचा. भिंतीची तयारी इतकी पक्की होती म्हणून दीड हजार वर्षांनंतरही त्यांतली पुष्कळ चित्रे टिकून आहेत.

अजिंठा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात बीबी का मकबरा आहे. सतराव्या शतकात दिलरस बानू बेगम हिच्यासाठी तो बांधला गेला. लांबून पाहणाऱ्याला तो सारा संगमरवरी वाटतो. परंतु मुख्य इमारतीत संगमरवर आहे तो खालच्या भागात आणि वरच्या घुमटाला. मधल्या भिंती साध्या काळ्या दगडाच्या आहेत. त्यांवर बारीक चुन्याचा गिलावा देऊन, त्याला संगमरवरासारखी झिलई आणून कारागिरांनी त्यावर वेलबुट्टीची नक्षी उठवली आहे. महाग दगड थोडाच होता. उरलेले काम हातांच्या कौशल्याने भागवले. तुम्ही सहलीला तेथे गेलात, तर हा फरक अवश्य शोधून पाहा.

भिंत तयार झाली. आता ती सजवायची कशी? त्याआधी उजेडाचा विचार करा. फिकट रंग उजेड परत फेकतात आणि गडद रंग तो गिळतात. म्हणून लहान व अंधाऱ्या खोलीला पांढरा, फिकट पिवळा असे रंग चांगले. खालच्या तीन फुटांत हातापायांचे डाग पडतात. तेथे गेरूसारखा गडद पट्टा द्यावा. दुकानातल्या लहानशा नमुन्यावरून रंग ठरवू नये. भिंतीवरच दोन फुटांचा चौकोन रंगवावा. तो सकाळच्या उन्हात पाहावा, रात्री दिव्याच्या उजेडात पाहावा आणि मग ठरवावे. चुन्यात मात्र सगळे रंग टिकत नाहीत. गेरू, पिवळी माती आणि काजळी हे टिकतात.

सजावटीचा पहिला मार्ग वारली चित्रकारांनी दाखवला आहे. पालघर जिल्ह्यातील वारली लोक शेणमातीने सारवलेल्या किंवा गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रे काढतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाला कुंचला! वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांतून त्यांचे सारे जग उभे राहते. पूर्वी ही चित्रे मुख्यतः स्त्रिया लग्नप्रसंगी काढत असत. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोचवली. लहानपणी आई वारल्यावर त्यांचे बोलणेच थांबले होते आणि ते मातीत चित्रे काढून मनातले सांगत, असे म्हणतात. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. आपण गेरूच्या पट्ट्यावर अशी झाडे, डोंगर, नागमोडी वाटा काढू शकतो. काही घरांत भिंतीवर माणसांची व प्राण्यांची चित्रे काढत नाहीत. तेथे झाडे, वेली आणि भूमितीचे आकार यांची काही कमतरता नाही.

दुसरा मार्ग छाप्याचा. जुना एक्स-रे घ्या. त्यावर पान किंवा फूल काढून मोठ्यांच्या मदतीने ते ब्लेडने कापा. हा छापा चिकटपट्टीने भिंतीवर लावा. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून कागदावर टिपून घ्या आणि हलक्या हाताने छाप्यावर ठोका. स्पंज ओलसर असावा, ओला नसावा; नाहीतर रंग छाप्याखाली पसरतो. आता थोडे गणित करू. भिंत १२ फूट लांब आहे, म्हणजे १४४ इंच. छापा ९ इंचांचा आहे. १४४ भागिले ९, म्हणजे १६ छापे बरोबर बसतील. हिशेब इतका नेमका जुळत नसेल, तर सुरुवात भिंतीच्या मध्यापासून करा. म्हणजे उरलेली जागा दोन्ही कोपऱ्यांत सारखी राहील.

तिसरा मार्ग कापडाचा. भाड्याच्या घरात भिंत रंगवायची तर मालकाला विचारावे लागते. तेथे जुन्या ओढणीचे किंवा साडीचे काठ जोडून, लाकडी पट्टीला लावून टांगता येतात. आपल्या कोकणात असे कापड भिंतीला चिकटवू नये. मागून बोटभर वारा जाईल असे टांगावे आणि पावसाळ्यात काढून ठेवावे. कागद चिकटवणे तर टाळावेच. त्याला बुरशी लागते आणि कसर खाते.

आपाने यांतले काही केले नाही. तिने सुतळी, खिळा, खडू आणि ओळंबा मागितला. आपा दहावीनंतर पुढे शिकली नव्हती; पण भूमितीत तिचा हात कोणी धरत नसे. भिंतीच्या मध्यभागी खिळा ठोकून, त्याला सुतळी आणि सुतळीच्या टोकाला खडू बांधून तिने मोठे वर्तुळ काढले. ओळंबा सोडून वर्तुळाला उभी रेघ मारली. त्या रेघेला काटकोनात आडवी रेघ काढली. वर्तुळावर चार बिंदू मिळाले. ते जोडल्यावर चौकोन झाला. मग तिने मला विचारले, “आता या चार कोनांचे दोन-दोन सारखे भाग कर पाहू.”

कोन दुभागणे मी शाळेत शिकलो होतो; पण ते कशासाठी करतात, हे मला कधी कळले नव्हते. मी सुतळीने कमानी मारल्या आणि कोन दुभागले. वर्तुळावर आणखी चार बिंदू मिळाले. ते जोडल्यावर पहिल्या चौकोनावर दुसरा चौकोन तिरका बसला आणि भिंतीवर आठ कोनांची चांदणी उमटली. ३६० अंशांचे आठ सारखे भाग, प्रत्येक भाग ४५ अंशांचा. मशिदींच्या जाळ्यांवर, दरग्यांच्या दारांवर मी ही चांदणी शेकडो वेळा पाहिली होती. ती कोणत्या गणितातून जन्मते, हे त्या दिवशी मला समजले. आपाने गेरूत डिंक कालवून चांदणी भरली आणि तिच्या मध्यावर पिवळ्या मातीचे लहान फूल काढले.

संध्याकाळी अब्बा पाळीवरून आले. कितीतरी वेळ दारातच उभे राहून ते भिंतीकडे पाहत होते. मग त्यांनी खर्च विचारला. आपाने हिशेब सांगितला. रंगाच्या एका डब्याच्या किमतीपेक्षाही तो कमी होता. अब्बा हसले. जुलैनंतर त्या खोलीत ते प्रथमच हसले होते.

ती भिंत आजही उभी आहे. दर दोन वर्षांनी आम्ही तिला सफेदी करतो आणि चांदणीभोवतीची जागा जपून रंगवतो. चांदणीचा रंग आता फिकट झाला आहे. आपाची मुलगी नववीत शिकते. गेल्या सुट्टीत ती आली होती. बराच वेळ भिंतीकडे पाहून ती मला म्हणाली, “मामा, सुतळी आणि खडू आहे का घरात?”

मित्रांनो, तुमच्या घरीही सुतळी आणि खडू असतील. मात्र वर्तुळ काढण्याआधी भिंतीवर हात ठेवून पाहा. ती कोरडी आहे ना?

शब्दार्थ

पोपडे – रंगाचे किंवा गिलाव्याचे सुटलेले पापुद्रे
गिलावा – भिंतीवर दिलेला चुन्याचा, मातीचा किंवा सिमेंटचा लेप
झड – सतत पडणारा पाऊस
पागोळ्या – छपराच्या कडेवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा
पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी
जोते – घराचा जमिनीलगतचा पाया
उघडीप – पाऊस काही वेळ थांबणे
लोणा – भिंतीवर येणारी क्षारांची पांढरी भुकटी
झिलई – चकाकी
कसर – कागद व कापड खाणारा कीटक
ओळंबा – उभी रेषा सरळ आहे का ते पाहण्यासाठी दोरीला बांधलेले वजन
हात धरणे (एखाद्याचा हात कोणी न धरणे) – बरोबरी करणे (बरोबरी कोणी न करू शकणे)

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लेखकाच्या घरातील कोणत्या दिशेची भिंत खराब झाली?
(२) लोणा पाण्याने का धुऊ नये?
(३) जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री कोणत्या साली मिळाली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) “तुम्ही तिला रेनकोट घातला!” असे चाचा का म्हणाले?
(२) भिंतीत पाणी शिरण्याच्या कोणत्या चार वाटा सापडल्या?
(३) बीबी का मकबरा येथे संगमरवर थोडा असूनही इमारत संगमरवरी का वाटते?

प्र. ३. आठ-दहा वाक्यांत उत्तर लिहा.
अब्बा जुलैमध्ये गप्प का राहिले आणि ऑक्टोबरमध्ये का हसले? तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. गणित करा.
भिंत १५ फूट लांब आणि छापा १० इंचांचा आहे. किती छापे बसतील?

प्र. ५. भाषाभ्यास.
(१) ‘नक्षी’ हा मराठी शब्द ‘नक्श’ या शब्दावरून आला आहे. कारागीर, सफेदी, दिवाणखाना, गिलावा हे शब्दही फारसीतून मराठीत आले. पाठातून तुमच्या ओळखीचे असे आणखी तीन शब्द शोधा.
(२) ‘भिंतीला कान असतात’ या म्हणीचा अर्थ सांगून ती वाक्यात वापरा.

उपक्रम : आपल्या वर्गाच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या तुकड्याचा प्रयोग करा. दोन दिवसांनी काय दिसले, ते वहीत मराठीत लिहा आणि शिक्षकांना दाखवा.